केळापूरचे मत आणि मंडळाचे पत्रक
(तालुका शाखेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस आज 'आपला तालुका आणि निवडणुका' या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. आपल्या मेळाव्यात सहसा शिष्यवृत्ती, वधूवर-परिचय, वसतिगृहाचा निधी आणि गुणवंत मुलामुलींचा सत्कार हेच विषय असतात. राजकारण हा विषय आपण आजवर मंडपाबाहेर, चहाच्या टपरीवर ठेवत आलो. यंदा मात्र तो विषयपत्रिकेवरच येऊन बसला आहे. येत्या निवडणुकीत मंडळाने एक उमेदवार निश्चित करावा आणि समाजाची सर्व मते त्यास देण्याचे पत्रक काढावे, असा एक ठराव थोड्याच वेळात आपल्यापुढे येणार आहे. ठराव मांडणारे तरुण आमचे स्नेही आहेत आणि त्यांची समाजाविषयीची तळमळ आम्ही जाणतो. तरीही आम्ही या ठरावाला विरोध करण्यास उभे आहोत, हे आरंभीच सांगून टाकणे प्रामाणिकपणाचे होईल. विरोध का, हे सांगण्यासाठी आपला तालुका आजवर मत कसा देत आला, याचे थोडे सिंहावलोकन करावे लागेल. त्याबद्दल आपली क्षमा मागतो.

आपल्या तालुक्याची एक मौज आहे. नाव केळापूरचे आणि कचेरी पांढरकवड्याची. जगदंबा केळापुरात आणि तहसीलदार पांढरकवड्यात. नवरात्रात अवघा तालुका देवीच्या दर्शनास केळापुरी लोटतो आणि सातबाराच्या उताऱ्यासाठी पांढरकवड्याच्या पायऱ्या झिजवतो. दक्षिणेस पैनगंगा ओलांडली की तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. नागपूरहून हैदराबादला जाणारा हमरस्ता, ज्यास पूर्वी सात क्रमांकाचा म्हणत आणि आता चव्वेचाळीस क्रमांकाचा म्हणतात, तो आपल्या करंजीवरून, पांढरकवड्यावरून, पाटणबोरीवरून जातो. या रस्त्याने तेलुगू आली, व्यापार आला, कापसाच्या गाड्या आल्या आणि आपल्यापैकी कित्येकांचे पणजोबाही याच वाटेने आले. बाजाराच्या दिवशी एकाच ओळीत वऱ्हाडी, गोंडी, कोलामी, तेलुगू, बंजारा बोली आणि उर्दू कानी पडते. अशा तालुक्यात कोणत्याही एका जातीला आपल्याच बळावर निवडणूक जिंकता येत नाही. ही गोष्ट पुढाऱ्यांना पहिल्या निवडणुकीपासून ठाऊक आहे. आपल्यालाच ती अधूनमधून विसरायला होते.

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ च्या हिवाळ्यात झाली. त्या वेळी आपण महाराष्ट्रात नव्हतो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रदेशात होते आणि राजधानी नागपूर होती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले, आणि मतदाराने आपली कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची, अशी ती पद्धत होती. अक्षरशत्रू माणसालाही ती समजत असे. काँग्रेसचे चिन्ह बैलजोडी होते. काळ्या मातीच्या आणि कापसाच्या या मुलखात बैलजोडीला निराळा प्रचार कशाला लागतो? ज्याच्या दावणीला बैलजोडी त्याचे घर चालते, हे शेंबड्या पोरालाही कळत होते. त्याच निवडणुकीत देशभरातील सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे मतदारयादीतून वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगितले होते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तिच्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. त्यापूर्वी १९५५ साली फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, ती मानली गेली नाही. शेजारच्या वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यांनी १९३० साली पुसदला जंगल सत्याग्रहाचे नेतृत्व केले होते. तेच बापूजी १९६२ साली उतारवयात विदर्भाचा झेंडा घेऊन नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून गेले. यवतमाळचे जांबुवंतराव धोटे १९७१ साली फॉरवर्ड ब्लॉकच्या सिंहावर बसून नागपुरातूनच लोकसभेत पोहोचले आणि १९८० साली त्याच नागपुरातून इंदिरा काँग्रेसच्या हातावर निवडून आले. विदर्भाचा प्रश्न आपल्या मनात आहे, तो सभेत टाळ्या मिळवतो, पण मतपेटीपर्यंत जाताना तो वाटेत कुठेतरी पाणी पिण्यास थांबतो. आपल्या जिल्ह्याने हे वारंवार अनुभवले आहे.

१९५७ साली पश्चिम महाराष्ट्र संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेवर काँग्रेसच्या विरोधात गेला, तेव्हा विदर्भाने काँग्रेसला हात दिला. डिसेंबर १९६३ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील पुसद भागाचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी १९७५ पर्यंत त्या पदावर राहिले. १९७७ साली उत्तर हिंदुस्थानात काँग्रेसचा पाडाव झाला, तरी विदर्भाने बहुतांशी तिची साथ सोडली नाही. या इतिहासावरून कोणी म्हणेल की, आपला तालुका म्हणजे एका पक्षाची वडिलोपार्जित इस्टेट होती. आम्हांस तसे वाटत नाही. कापूस एकाधिकार योजना १९७२ साली सुरू झाली, तेव्हा कापूस सरकारच घेणार आणि पैसे सरकारच देणार अशी स्थिती होती. ज्याच्या हाती काटा, त्याच्याशी वैर कोण धरील? त्या काळच्या मताला आपण निष्ठा म्हणतो. तिच्यात निष्ठा होती, उपकाराची जाण होती, आणि थोडी भीतीही होती, असे म्हणणे अधिक खरे होईल.

आता राखीव जागेच्या प्रश्नाकडे वळतो, कारण ठरावाच्या मुळाशी तोच प्रश्न आहे. आपल्या तरुणांची तक्रार अशी की, 'आपला मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव. आपला माणूस कधीच उभा राहू शकत नाही. मग एकगठ्ठा मताशिवाय आपल्या हाती उरते काय?' तक्रार मनापासून आहे, म्हणून तिला मनापासून उत्तर दिले पाहिजे.

बंधुभगिनींनो, या राखीवपणाचा इतिहास आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. १९५० साली राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जमातींची यादी ठरली, तेव्हा यवतमाळ जिल्ह्यात केवळ केळापूर, वणी आणि यवतमाळ या तीन तहसिलींतील गोंड, कोलाम आदी बांधवांनाच जमातीचा दर्जा मिळाला. दारव्हा-पुसदकडचा गोंड त्याच रक्ताचा, त्याच देवाचा, त्याच बोलीचा, पण कागदावर तो जमातीचा नव्हता. आपल्या तहसिलीतील बहीण अनुसूचित जमातीची आणि दारव्ह्यास दिलेली तिची लेक त्या हक्काबाहेर, असा तो न्याय होता. ही क्षेत्राची अट १९७६ च्या कायद्याने उठली. म्हणजे पंचवीसहून अधिक वर्षे आपला तालुका ही विदर्भातील त्या मोजक्या जागांपैकी एक होता, जिथे आदिवासी माणसाला घटनेने दिलेला हक्क मागता येत होता. कोलाम तर शासनाने विशेष दुर्बळ ठरविलेल्या महाराष्ट्रातील तीन जमातींपैकी एक आहेत आणि त्यांचे कितीतरी पोड आपल्या डोंगरकडेला आहेत. ज्या पोडात पावसाळ्यात रस्ता बंद होतो, तिथल्या माणसाला विधानसभेत बसण्याची एक जागा राखून ठेवली, तर त्यात आपले काय हिरावले गेले?

दुसरे असे की, राखीव जागेवर उमेदवार जमातीचा असावा लागतो, मतदार मात्र सर्व जातींचे असतात. ज्याला निवडून यायचे आहे त्याला पोडातही जावे लागते, तांड्यातही जावे लागते आणि आपल्या गल्लीतही यावे लागते. आपल्या ओसरीवर बसून त्याला पाणी मागावे लागते. उलट विचार करून पाहा. आपल्याच जातीचा उमेदवार असता, तर तो आपल्या दारी किती वेळा आला असता? घरचीच मते म्हणून त्याने आपल्याला गृहीत धरले असते. राखीव जागेने आपल्याला एक गोष्ट शिकविली आहे. ती अशी की, उमेदवाराची जात आपली नाही, म्हणून त्याला कामावरून ओळखावे लागते. हे शिक्षण पुष्कळ मोठ्या शहरांनाही अजून मिळालेले नाही.

आणि तालुक्याने हे शिक्षण घेतले आहे, याचा पुरावा निकालांतच आहे. २००४ साली केळापूर मतदारसंघातून भारतीय जनता पक्षाचे संदीप धुर्वे निवडून आले. त्यापूर्वी काँग्रेसचे शिवाजीराव मोघे यांचे या भागात दीर्घकाळ वर्चस्व होते. २००८ च्या पुनर्रचनेत केळापूर हे नाव विधानसभेच्या यादीतून गेले आणि आपला तालुका घाटंजी-आर्णीकडील मुलखासह आर्णी मतदारसंघात आला. २००९ साली तिथून मोघे निवडून आले आणि सामाजिक न्याय मंत्री झाले. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली विधिमंडळात संमत झाला तो त्यांच्याच खात्याच्या काळात. इतके असूनही २०१४ साली मतदारांनी भाजपचे राजू तोडसाम यांना निवडले. २०१९ साली पुन्हा संदीप धुर्वे आले आणि २०२४ साली पुन्हा राजू तोडसाम. तीन निवडणुका लागोपाठ पक्ष एकच राहिला, परंतु माणूस दर वेळी बदलला. २००४ पासूनच्या पाच विधानसभा निवडणुकांत एकही मनुष्य लागोपाठ दोनदा निवडून गेलेला नाही. कोणी याला चंचलपणा म्हणतील. कधी उमेदवारी पक्षाने बदलली, कधी निकाल मतदाराने बदलला, हेही खरे. पण इथल्या कोणत्याही आमदाराला निर्धास्त झोप लागत नाही, एवढे तरी त्यावरून दिसते.

लोकसभेची गोष्ट याहून निराळी. पुनर्रचनेने आपला जिल्हा तीन लोकसभा मतदारसंघांत विभागला आहे. वणी आणि आर्णी हे चंद्रपुरात, उमरखेड हिंगोलीत आणि उरलेला जिल्हा यवतमाळ-वाशीमात. म्हणजे आपले जिल्हाधिकारी यवतमाळला आणि आपले खासदार चंद्रपूरचे. कामासाठी कोणाकडे जावे, हाच सामान्य माणसाचा पहिला प्रश्न. चंद्रपुरातून २००९ आणि २०१४ साली भाजपचे हंसराज अहीर निवडून आले. २०१९ साली काँग्रेसचे बाळू धानोरकर निवडून आले आणि त्या वर्षी साऱ्या महाराष्ट्रात काँग्रेसला मिळालेली ती एकच जागा होती. मे २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. २०२४ साली त्यांच्या पत्नी प्रतिभा धानोरकर यांनी भाजपचे ज्येष्ठ नेते सुधीर मुनगंटीवार यांचा सुमारे दोन लाख साठ हजार मतांनी पराभव केला. मतदान झाले १९ एप्रिलला. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले आणि आर्णीतून भाजप निवडून आला. लोकसभेचा निकाल सहा विधानसभा क्षेत्रांचा मिळून लागतो, तेव्हा त्यावरून केवळ आपल्या तालुक्याविषयी अनुमान काढताना सावधगिरी हवी. तरी सात महिन्यांत वारा फिरू शकतो, हे कोणालाही दिसावे.

वारा का फिरतो? पुढारी म्हणतात लाटेमुळे. आमच्या मते लाटेपेक्षा चूल मोठी आहे. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून आपल्या जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर गेले. २००६ च्या जुलैच्या आरंभी पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. २००८ च्या कर्जमाफीत दोन हेक्टरांची मर्यादा आली, आणि कोरडवाहू विदर्भातील पाच एकरांहून थोडी अधिक जमीन असलेला गरीब त्या मर्यादेबाहेर राहिला. २० मार्च २०१४ रोजी नरेंद्र मोदी आर्णी तालुक्यातील दाभडीस शेतकऱ्यांशी चहावर बोलण्यास आले. १६ फेब्रुवारी २०१९ रोजी ते पंतप्रधान म्हणून खुद्द पांढरकवड्यास महिला बचतगटांच्या मेळाव्यासाठी आले. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कपाशी पोखरली आणि त्याच वर्षी फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यातील शेतकरी-शेतमजूर दगावले. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याहून कमी भाव मिळत होता. त्याच वर्षी ऑगस्टपासून लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये बायाबापड्यांच्या खात्यात येऊ लागले. एकाच घरात नवरा सोयाबीनच्या भावावर रागावलेला आणि बायको आपल्या नावे आलेल्या पैशाने समाधानी. अशा घरातून दोन मते दोन दिशांस गेली, तर त्यात आश्चर्य काय? ज्या घरात नवराबायकोचे मत एक नाही, तिथे मंडळाच्या पत्रकाने सगळ्या समाजाचे मत एक कसे होईल?

हे आम्ही केवळ तर्काने बोलत नाही. आमच्या हातून एकदा हा प्रमाद घडलेला आहे. आम्ही शाखेचे चिटणीस असताना एका निवडणुकीत चारपाच वजनदार मंडळी एकत्र बसली. एका उमेदवाराने समाजाच्या सभागृहासाठी कुंपणभिंत बांधून देण्याचे कबूल केले. आम्ही पत्रक लिहिले. त्यात 'समाजाची शंभर टक्के मते' असा शब्दप्रयोग आमच्याच लेखणीचा होता. पत्रक छापले, घरोघर वाटले आणि आम्ही मोठे काम केले अशा समजुतीत झोपी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याच गल्लीतील एक म्हातारी बाई पत्रक हातात घेऊन दारात आली. तिचा धनी कापसाच्या कर्जापायी गेला होता आणि तिने दोन मुली मजुरीवर वाढविल्या होत्या. ती ओसरीवर बसली नाही, पाणीही घेतले नाही. म्हणाली, "काहो भाऊ, माहं मत मले न इचारता तुमी कोनाले देऊन देल्लं?" आम्ही समाज, एकी, भिंत असे काही बोलू लागलो. ती म्हणाली, "माह्या घराले कुड नाही, तुमच्या सभागृहाले भिंत पायजे." एवढे बोलून ती निघून गेली.

निकाल लागला. पूर्वी मतपत्रिका मोजण्याआधी निरनिराळ्या केंद्रांच्या एकत्र मिसळता येत असत. आता यंत्रे आली आहेत. मोजणी केंद्रवार होते आणि कोणत्या केंद्रावर कोणास किती मते पडली, ते आकडे प्रसिद्ध होतात. व्यक्तीचे मत गुप्त राहते, गल्लीचे राहत नाही. आमच्या गल्लीच्या केंद्रावर ज्याला शंभर टक्के मते देऊ केली होती तो उमेदवारच मागे पडला होता. पुढे झाले ते असे. तो म्हणाला, समाजाने दगा दिला. जो निवडून आला तो म्हणाला, समाजाने माझ्याविरुद्ध पत्रक काढले. आणि गल्लीत मात्र जो तो शेजाऱ्याकडे संशयाने पाहू लागला की, फुटला कोण? हळदीकुंकवाला बोलावणी बंद झाली. दोन भावांनी त्या वर्षी एकमेकांकडे दिवाळीचा फराळ पाठविला नाही. भिंत आजतागायत उभी राहिली नाही. जी उभी राहिली ती घराघरांच्या मध्ये, आणि ती पाडण्यास आम्हांस कित्येक वर्षे दारोदार फिरावे लागले.

त्या म्हातारीने विचारलेला प्रश्न आणि १९५२ च्या यादीतील 'अमक्याची बायको' यांचा संबंध आता आपल्या ध्यानी आला असेल. त्या काळी स्त्रीचे नावच यादीत नव्हते. आता नाव आहे, छायाचित्र आहे, ओळखपत्र आहे, आणि आम्ही पत्रक काढून तिला पुन्हा 'अमक्या समाजाची बाई' करून टाकले. मतदानाच्या कोठडीत एका वेळी एकच माणूस जातो. ती एकट्याची कोठडी कायद्याने मुद्दाम ठेवलेली आहे. तिथे नवऱ्यालाही प्रवेश नाही, मग मंडळाला कुठून असणार?

कायद्याचे नाव निघाले म्हणून तेही सांगतो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे, उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्याने जातीच्या आधारावर मते मागणे हा भ्रष्ट आचार ठरतो आणि त्यापायी निवडणूक रद्द होऊ शकते. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी असा निर्णय दिला की, ही बंदी केवळ उमेदवाराच्या जातीपुरती नाही, मतदाराच्या जातीचा आधार घेऊन केलेल्या आवाहनालाही ती लागू आहे. म्हणजे ज्याचे भले करावे म्हणून आपण पत्रक काढू, त्याच्या संमतीने ते निघाले तर त्याच्याच गळ्यात तो फास पडू शकतो. तरुण मित्रांनी हा मुद्दा कोणाही वकिलाकडून तपासून घ्यावा.

आता आपण विचाराल की, मग मंडळाने निवडणुकीच्या काळात हात जोडून स्वस्थ बसावे काय? मुळीच नाही. मंडळाने करण्याजोगी कामे पुष्कळ आहेत, आणि ती सगळ्यांना सोबत घेऊन करता येतील अशी आहेत.

पहिले काम यादीचे. लग्न होऊन आलेल्या सुनांची नावे माहेरच्या यादीत राहतात, अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांची नावे चढत नाहीत, पुण्या-नागपूरला कामास गेलेल्यांची नावे दोन्हीकडे अधांतरी असतात. शाखेच्या चार तरुणांनी गल्लोगल्ली फिरून हे अर्ज भरून द्यावेत, आणि ते केवळ आपल्याच घरांचे भरू नयेत. शेजारच्या घरी कोणी राहतो, कोणत्या जातीचा आहे, हे न पाहता भरावेत. मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आणणारी घटनादुरुस्ती १९८९ साली अमलात आली. इतकी वर्षे लोटूनही अठरा वर्षांच्या पोराला यादीत आणण्यास आपण आळस करतो, हे बरे नव्हे.

दुसरे काम प्रश्नांचे. उमेदवार दारी आला म्हणजे आपण त्याला चहा देतो, हार घालतो आणि समाजासाठी काहीतरी मागतो. त्याऐवजी मंडळाने दहा प्रश्न लिहून काढावेत आणि सर्व उमेदवारांना एकाच व्यासपीठावर, एकाच दिवशी बोलावून तेच दहा प्रश्न विचारावेत. कापसाची खरेदी वेळेवर सुरू होईल काय? तालुक्याच्या रुग्णालयात बाळंतिणीला यवतमाळला न पाठविता मोकळे करता येईल काय? टिपेश्वरच्या अभयारण्याला लागून असलेल्या गावांत शेतकरी रात्री राखणीला जातो, त्याला दिवसा वीज मिळेल काय? पोडांवर बारमाही रस्ता कधी होईल? हे प्रश्न आपल्या जातीचे नाहीत, पण ते आपले आहेत. उत्तरे लिहून घ्यावीत, त्यांवर सही घ्यावी आणि ती पुढल्या वर्षीच्या स्मरणिकेत जशीच्या तशी छापावीत. हे एक पान एकगठ्ठा मतापेक्षा पुढाऱ्याला अधिक जड जाईल.

तिसरे काम मनाचे, आणि ते सर्वांत कठीण. निवडणुकीत भाऊ भावाच्या विरुद्ध पक्षात असला तरी दिवाळीचा फराळ थांबू नये. मत वेगळे म्हणून पंगत वेगळी होऊ नये. ज्या दिवशी मंडळ एखाद्या उमेदवाराचे होईल, त्या दिवशी ज्याचा उमेदवार वेगळा आहे तो मंडळाचा राहणार नाही. आपला समाज संख्येने लहान आहे. आपली शिष्यवृत्ती, आपले वसतिगृह, आपल्या मुलींची लग्ने, मयताच्या घरी पहिल्या दिवशी पोहोचणारा डबा, हे सारे सर्व पक्षांच्या ज्ञातिबांधवांच्या वर्गणीवर चालते. ती वर्गणी एका कुंपणभिंतीसाठी पणाला लावण्याचा अधिकार कार्यकारी मंडळाला नाही, आणि आम्हांस तर तो कधीच नव्हता.

तेव्हा ठराव मांडणाऱ्या तरुण मित्रांना आमची हात जोडून विनंती आहे की, त्यांनी तो मागे घ्यावा आणि त्याऐवजी आम्ही सांगितलेल्या तीन कामांचा ठराव मांडावा. यादी घेऊन दारोदार फिरण्यास आम्ही त्यांच्यासोबत येऊ. गुडघे दुखतात, पण आमच्या गल्लीपुरते चालवेल. पहिल्यांदा आम्ही त्या म्हातारीच्याच दारी जाणार आहोत. ती आता फार थकली आहे. तिच्या नातीला यंदा अठरा वर्षे पूर्ण झाली. तिचे नाव यादीत चढले की नाही, हे विचारण्याचा हक्क आम्हांस आहे. ती मत कोणाला देणार, हे विचारण्याचा नाही.